माणसांचा आकडा सगळ्यात शेवटी: विरंगुळ्याच्या पर्यटनस्थळाचा व्यवस्थापन आराखडा टप्प्याटप्प्याने

पर्यटनस्थळाचा आराखडा करायला माणसं एकत्र बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'दिवसाला किती जणांना सोडायचं?' तलाव असो, जंगलातली पायवाट असो, किनारा असो की जुनं बांधकाम, सुरुवात इथूनच होते. मग क्षेत्रफळाला माणशी चौरस मीटरने भागलं जातं, आलेला आकडा फाटकावरच्या पाटीवर चढतो आणि पहिल्याच लांब सुट्टीत तो कुणीही पाळत नाही. भागाकार बरोबर असतो, क्रम चुकलेला असतो. ही जागा नेमकी कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या अवस्थेत राखायची हे ठरायच्या आत काढलेल्या आकड्याला कुठलाच आधार नसतो, म्हणून गर्दीचा पहिला दाब आला की तो मोडतो.

खालचे टप्पे स्थळ सांभाळणाऱ्यांसाठी आहेत आणि या विषयाचा प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही. टप्पे पुढे-मागे करू नका. वेळ कमी असेल तर प्रत्येक टप्पा छोटा करा, पण गाळू नका.

## तयारी: कोण येतं ते वेगवेगळं मांडा

फुरसत म्हणजे काम, झोप आणि घरची जबाबदारी वजा जाता आपल्या मर्जीने खर्च करता येणारा वेळ. विरंगुळा म्हणजे त्या वेळात केलेली गोष्ट: पोहणं, चालणं, नुसतं बसणं. पर्यटन म्हणजे नेहमीचा परिसर सोडून, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी आणि तिथे नोकरी धरण्याचा हेतू नसताना केलेला प्रवास. त्यातही रात्रीचा मुक्काम करणारा पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा सहलकरू असे दोन गट आकडेवारीत वेगळे धरतात.

हा फरक परीक्षेपुरता नाही. पहाटे तळ्याकाठी फिरायला येणारा स्थानिक माणूस पर्यटनाच्या कुठल्याच आकड्यात सापडत नाही, तरी वाट, बाक आणि स्वच्छतागृह तोही वापरतो. सहलकरूंची सगळी गर्दी दिवसाच्या मधल्या काही तासांत येते, पार्किंगवर ताण देते आणि संध्याकाळी नाहीशी होते. मुक्कामी पर्यटक पाणी आणि कचऱ्याच्या यंत्रणेवर रात्रीही भार टाकतो, पण सकाळी लवकर किंवा उशिरा येण्याची मोकळीक त्याच्याकडेच जास्त असते. 'पर्यटक' या एकाच रकान्यात तिघांना कोंबलं की पुढचा प्रत्येक उपाय कुणावर तरी चुकीचा बसतो.

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: स्थानिक, सहलकरू, मुक्कामी. प्रत्येकाखाली लिहा: कधी येतात, किती वेळ थांबतात, कशाने येतात, नेमकं काय करायला येतात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'मजा करायला' असं लिहू नका. शांतता, व्यायाम, मुलांना खेळवणं, फोटो, सोबत, धाडस हे वेगवेगळे हेतू आहेत आणि त्यातले काही एकमेकांना सहन होत नाहीत.

पडताळणी: तिन्ही रकान्यांतल्या माणसांशी बोलणं झालंय का? कार्यालयात बसून भरलेला कागद असेल तर इथेच थांबा.

## टप्पा १: आजची परिस्थिती मोजा

इथे तीन गोष्टी लागतात: किती जण येतात, किती वेळ थांबतात आणि जागेची आज काय अवस्था आहे.

माणसं मोजायला तिकिटांची नोंद असेल तर काम सोपं. नसेल तर वाटेच्या तोंडाशी बसवायचे इन्फ्रारेड काउंटर मिळतात, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. दोघं शेजारी-शेजारी चालत गेली की काउंटर त्यांना बहुधा एकच मोजतो. म्हणून काही तास माणूस बसवून हाताने मोजा आणि गुणक काढा. काउंटरने ९०० दाखवले आणि त्याच वेळात हाताने १,०८० भरले, तर गुणक १.२ येतो. आणि ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने परतायचं असेल तर प्रत्येक जण दोनदा मोजला जातो, हे अहवालात हमखास विसरलं जातं. गाड्यांवरून माणसं काढत असाल तर गाडीमागे सरासरी किती जण, हे दुचाकी, कार आणि बस यांचं वेगवेगळं मोजा.

थांबण्याचा वेळ बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि सहाव्या टप्प्यातलं सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे. आत जाताना वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि बाहेर पडताना परत घ्यायची, इतकं पुरतं. कामाचा दिवस, सुट्टीचा दिवस, हंगाम आणि बिगरहंगाम अशा चारही वेळा मोजा.

जागेच्या अवस्थेसाठी ठरावीक ठिकाणी खुणेचे खांब ठोका. तिथून त्याच उंचीवरून, त्याच दिशेने फोटो काढा. वाटेची रुंदी, उघडी पडलेली माती, मुख्य वाट सोडून पडलेल्या चोरवाटा आणि कचऱ्याच्या जागा यांची नोंद करा. पुढच्या वर्षी तुलना करायला हेच हाताशी असेल.

सावध: वार्षिक एकूण संख्या मिरवायला बरी दिसते, व्यवस्थापनाला तिचा उपयोग जवळजवळ नाही. ताण तासाला येतो, त्यामुळे नोंदही तासाची हवी.

## टप्पा २: जागेचे विभाग पाडा

सगळ्या जागेवर सगळ्यांना सगळं देऊ पाहणं ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक आहे. एका टोकाला वाहन थेट जाईल, पायऱ्या, दिवे, स्वच्छतागृह आणि भरपूर माणसं असतील असा विभाग. दुसऱ्या टोकाला पायी जावं लागेल, सोयी जवळपास नसतील आणि माणूस क्वचित भेटेल असा विभाग. मधे एक-दोन पायऱ्या. नकाशावर रेषा ओढताना प्रत्येक विभागासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: इथली नैसर्गिक अवस्था कशी असेल, इथे किती माणसं भेटतील, आणि नियम-सोयी किती दिसतील.

ही तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. एकांताच्या विभागात रुंद फरसबंद रस्ता घातला, की तो विभाग नकाशावर काही का असेना, प्रत्यक्षात गर्दीचा होतो.

भांडणं सोडवायची जागाही हीच. संघर्ष बरेचदा एकतर्फी असतो. अमेरिकेतल्या बाउंडरी वॉटर्स या तलावांच्या प्रदेशात १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासात वल्ह्याच्या होडीतल्यांना मोटरबोटींचा जाच वाटत होता, मोटरबोटवाल्यांची मात्र होडीवाल्यांबद्दल फारशी तक्रार नव्हती. सायकल आणि पादचारी, ध्वनिवर्धक आणि पक्षीनिरीक्षक यांचंही असंच. तेव्हा कोणाच्या तक्रारी जास्त आल्या, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. ज्याला त्रास होतो तो तक्रार न करता यायचंच थांबतो.

पडताळणी: दोन विभागांची वर्णनं अदलाबदल केली तरी चालतंय असं वाटलं, तर ते दोन विभाग नाहीतच. एक करा किंवा नव्याने लिहा.

## टप्पा ३: निर्देशक निवडा

निर्देशक म्हणजे जागा बिघडतेय की टिकतेय हे सांगणारी, मोजता येणारी एखादी गोष्ट. चांगल्या निर्देशकाच्या चार कसोट्या: दोन वेगळ्या माणसांनी मोजला तरी उत्तर तेच यावं, तो विभागाच्या उद्दिष्टाशी जोडलेला असावा, आपल्या उपायांनी तो हलावा आणि मोजायला स्वस्त असावा. चौथी कसोटी लोक हलकी समजतात. दर महिन्याला तज्ज्ञ बोलवावा लागेल असा निर्देशक दुसऱ्या वर्षी बंद पडतो.

उदाहरणं: गजबजलेल्या विभागात सज्जावर, म्हणजे दृश्य पाहायला बांधलेल्या ओट्यावर, एका वेळी उभी असलेली माणसं, स्वच्छतागृहाबाहेर थांबावं लागण्याची मिनिटं. शांत विभागात तासाभराच्या चालण्यात भेटणारे गट, मुक्कामाच्या जागेवरून ऐकू येणारे इतर तळ, म्हणजे तंबू ठोकून राहायच्या जागा. जमिनीसाठी वाटेची रुंदी आणि चोरवाटांची संख्या. विभागाला दोन-तीन निर्देशक पुष्कळ झाले.

'समाधानी पर्यटकांचं प्रमाण' हा सर्वांत लोकप्रिय निर्देशक, आणि माझ्या मते सर्वांत फसवा. सर्वेक्षणात सापडतात ते आलेले लोक. गर्दीला कंटाळून ज्यांनी दुसरी जागा धरली, ते प्रश्नावली भरायला तिथे नसतातच. त्यांच्या जागी गर्दी चालणारे येतात आणि समाधान वर्षानुवर्षं उंच राहतं, जागेचं रूप मात्र पार बदललेलं असतं. समाधान विचारा, पण सोबत 'पूर्वी आला होतात का, तेव्हाच्या तुलनेत काय बदललं, येण्याची वेळ किंवा जागा बदललीत का' हेही विचारा. जे यायचे थांबले त्यांना जागेबाहेर गाठा.

घनता आणि गर्दी यांतही गल्लत होते. घनता म्हणजे चौरस मीटरमागे माणसं. ती मोजता येते. गर्दी म्हणजे 'फार झाले' ही भावना, आणि ती अपेक्षेवर, भेटणाऱ्यांच्या वागण्यावर आणि जागेवर ठरते. मैदानावर १०० जण कमी वाटतात आणि गुहेत १० जास्त.

## टप्पा ४: मर्यादा लिहून ठेवा

निर्देशकापुढे आकडा टाकला की तो मानक बनतो. अमेरिकेच्या वनसेवेच्या संशोधकांनी १९८५ मध्ये 'स्वीकारार्ह बदलांच्या मर्यादा' ही नऊ पायऱ्यांची पद्धत मांडली. तिचा गाभा एवढाच: माणसं आली की बदल होणारच, तेव्हा 'किती माणसं फार होतात?' हे विचारायच्या आधी 'किती बदल चालेल?' हे ठरवा.

मानकाच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: किती, कधी आणि कितपत खात्रीने. 'सज्जावर गर्दी नसावी' हे मानक नाही. 'हंगामातल्या दर १० पैकी ९ तासांत सज्जावर एका वेळी ४० पेक्षा जास्त माणसं नसावीत' हे मानक आहे. खात्रीचा भाग गाळला, तर एका सुट्टीच्या दुपारी ४१ वा माणूस आला म्हणून आराखडा फसल्याची बोंब होते.

४० आणायचे कुठून? एक चांगली रीत म्हणजे त्याच जागेचे, माणसांची संख्या वाढत जाणारे पाच-सहा फोटो दाखवायचे आणि कोणता चालेल, कोणता नाही हे विचारायचं. सरासरी उत्तर 'चालेल'कडून 'नाही चालणार'कडे जिथे झुकतं तो आकडा टिपायचा.

सावध: तो आकडा सल्ला आहे, निकाल नव्हे. लोक गर्दीला सरावतात, त्यामुळे हाच प्रयोग पाच वर्षांनी केला तर सहनशक्ती वाढलेली दिसू शकते. जमीन, पाणी आणि पाखरं तशी सरावत नाहीत. शेवटी मानक हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो. तो कोणी, का घेतला हे आराखड्यात लिहा.

## टप्पा ५: उपाय निवडा

हातात चार दोऱ्या असतात: सोयी वाढवणं, येणं कमी करणं किंवा वेळेत पांगवणं, लोकांचं वागणं बदलणं आणि जागा टणक करणं, म्हणजे तुडवणं सोसेल असा पृष्ठभाग घालणं. पहिली दोरी सगळ्यांना आवडते कारण तिच्यात उद्घाटन असतं. पण पार्किंग दुप्पट केलं की सज्जा, वाट आणि स्वच्छतागृह यांवरचा भारही त्याच मापाने वाढतो. साखळीतली सर्वांत अरुंद जागा कोणती, हे आधी शोधा.

'गर्दी पांगवा' हा सल्ला सरसकट मिळतो, तोही तपासून घ्या. वनस्पती आणि मातीच्या बाबतीत नुकसान वापराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. न तुडवलेल्या जमिनीवर सुरुवातीचा थोडासा वापरच सर्वाधिक हानी करतो. नंतर वापर कितीही वाढला तरी भर कमी पडते. म्हणजे एका झिजलेल्या तळावरची माणसं दहा नव्या तळांवर पाठवली, तर जुना तळ फारसा सुधारत नाही आणि दहा नवे बिघडतात. नाजूक जमीन असेल तर माणसं मोजक्या, टणक केलेल्या जागांवरच ठेवा. पांगवणं चालतं ते मुळातच दणकट पृष्ठभागावर, किंवा वापर इतका विरळ असेल की वाट पडणारच नाही, तिथे.

साधारण क्रम असा: आधी सौम्य उपाय म्हणजे माहिती, रचना, दरातला फरक, ते पुरले नाहीत तर कडक म्हणजे परवाना, वेळेचे स्लॉट, बंदी. माहिती द्यायची तर ती घरून निघायच्या आधी पोचली पाहिजे. सहलीचा अनुभव बेत आखणं, जाणं, तिथला वेळ, परतणं आणि आठवण अशा पाच भागांत चालतो, आणि माणसाचा विचार बदलता येतो तो मुख्यतः पहिल्या भागात. दोन तास गाडी चालवून फाटकाशी आलेल्याला 'आज गर्दी आहे' ही पाटी दाखवून काही होत नाही. मात्र जिवाला धोका असेल किंवा नुकसान भरून येणारं नसेल, तिथे सौम्य उपायांची वाट पाहू नका, थेट बंदी घाला.

थायलंडमधली माया बे ही खाडी २०१८ मध्ये पर्यटकांना बंद झाली आणि २०२२ मध्ये उघडली, तेव्हा संख्येवर मर्यादा तर आलीच, पण होड्यांना खाडीत यायला मनाई करून बेटाच्या मागच्या बाजूला होड्या लावायचा धक्का बांधण्यात आला. प्रवाळाला नांगरांपासून वाचवायचं होतं. नुसती माणसं कमी करून ते साधलं नसतं. त्रास नेमका कशामुळे होतो ते पाहून उपाय निवडा.

मागणी जागेपेक्षा जास्त असेल तर वाटप करावं लागतं, आणि प्रत्येक रीत कुणाला तरी झुकतं माप देते. रांग जवळ राहणाऱ्याला आणि वेळ असणाऱ्याला सोयीची. आगाऊ बुकिंग बेत आखू शकणाऱ्याला. दर वाढवणं पैसेवाल्याला. सोडत सगळ्यांना सारखी, पण बेत अधांतरी ठेवते. मला मिश्रण बरं वाटतं: बरेचसे स्लॉट आगाऊ आणि थोडे त्याच दिवसासाठी राखीव. बुकिंग करून न येणाऱ्यांचं प्रमाण मोजून राखीव भाग ठरवा. आणि 'सकाळी स्वस्त' असा दर लावण्याआधी तयारीचा कागद काढून पाहा: तुमच्याकडे येणाऱ्यांना सकाळी येणं शक्य आहे का?

## टप्पा ६: आता आकडा काढा

पाया एकच: एका वेळी आत असलेली माणसं = तासाला येणारी माणसं × थांबण्याचा वेळ तासांत.

सज्जाची मर्यादा ४० आणि सरासरी थांबणं अर्धा तास, तर तासाला ८० जण सोडता येतील. जागा ८ तास उघडी असेल तर दिवसाला ६४०. अहवाल बहुधा इथे संपतो. पण लोक काही तासाला ८० अशा शिस्तीने येत नाहीत. दिवसातले ३० टक्के लोक एकाच तासात येत असतील तर ६४० पैकी १९२ त्या तासात येतील, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. स्लॉट नसतील तर तुमचा खरा दैनिक आकडा ८० भागिले ०.३०, म्हणजे साधारण २६६. स्लॉट काटेकोर पाळले गेले तरच ६४० च्या जवळ जाता येतं.

थांबण्याचा वेळ वाढला तरी गणित कोसळतं. सज्जावर फोटोसाठी एक चौकट उभी केली आणि सरासरी थांबणं ४५ मिनिटांवर गेलं, तर तासाला तेच ८० जण आले तरी एका वेळी ६० माणसं दिसतील. फाटकावर काहीच बदललेलं नसतं.

हेच गणित पार्किंग, वाट आणि स्वच्छतागृह यांचंही करा. सर्वांत लहान आकडा तो तुमचा आकडा. मग पाऊस, भरती, प्राण्यांच्या विणीचा काळ अशा कारणांनी किती दिवस किंवा तास वजा होतात ते पाहा. आणि तेवढ्यांना सांभाळायला माणूसबळ आहे का तेही. कर्मचारी निम्मे असतील तर आकडाही खाली आणावा लागेल.

पडताळणी: आकड्यात कोण धरलंय ते लिहिलंय का? पेरूतल्या इंका ट्रेल या डोंगरातल्या पायवाटेवर दिवसाला ५०० ची मर्यादा आहे आणि तिच्यात वाटाडे आणि हमालही येतात. तुमच्या आकड्यात मार्गदर्शक, विक्रेते आणि स्थानिक फिरायला येणारे आहेत की नाहीत? हे मोघम ठेवलं की पहिला वाद इथेच होतो.

सावध: शटल बस असेल तर खरा आकडा बसचं वेळापत्रक ठरवतं. दर १० मिनिटांना ५० जणांची बस म्हणजे तासाला ३०० जण. तिकीट खिडकीवरचा नियम काहीही सांगो, सज्जाच्या ८० ला ते झेपणार नाहीत.

## टप्पा ७: मोजत राहा

मानक ओलांडल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याच्या अलीकडे एक इशारा-पातळी ठेवा. ४० चं मानक असेल तर ३२ ला इशारा. इशारा मिळाल्यावर काय करायचं ते आधीच लिहा: आठवडाभरात दोनदा ३२ ओलांडले तर बुकिंगच्या पानावर सूचना, महिनाभर तेच राहिलं तर दुपारचे स्लॉट कमी, ४० वारंवार ओलांडले तर परवाना. प्रत्येक ओळीपुढे पदाचं नाव असावं, 'व्यवस्थापन' असं नको.

मोजणीची रीत मधेच बदलू नका. काउंटरची जागा हलवली किंवा फोटो दुसऱ्या कोनातून घेतला, तर आधीच्या नोंदीशी तुलना करता येत नाही. बदलावंच लागलं तर एक हंगाम जुनी आणि नवी रीत सोबत चालवा. वर्षातून एकदा नोंदी घेऊन बसा, पहिल्यांदा विभागांची वर्णनं वाचा आणि मग आकडे बघा. एखादा निर्देशक वर्षभर जागचा हलला नसेल तर तो काढून त्या वेळात दुसरं काही मोजा. मात्र गर्दी वाढली म्हणून मानक सैल करण्याचा प्रस्ताव आला, तर तो चौथ्या टप्प्यातल्या कारणांसकट लेखी मागा आणि कोणत्या विभागाचं वर्णन त्यामुळे बदलावं लागेल, ते त्याच कागदावर लिहून घ्या.